नुसताच चालवलेला शेव्हर

अहो,

परवा तुमचं दहावं झालं. मंदारने घाटावर डोकं केलं आणि कॉलेजपासून जपलेली मिशीही उतरवली. मी गाडीत बसले होते, काच खाली होती, सगळं ऐकू येत होतं. न्हाव्याने त्याला विचारलं, "साहेब, मशीन मारू की वस्तरा?" हल्ली तिथेही विचारतात. गुरुजी म्हणाले, "मशीन चालतं हो. परदेशातून येणारे मशीनच सांगतात, पटकन होतं." मंदार म्हणाला, "नको, वस्तराच घ्या. बाबांना मशीन आवडायचं नाही."

किती सहज बोलला. दोन वर्षं आपल्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. तुम्ही तर नाहीच नाही.

माणूस गेला की त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहायची पद्धत आहे. जन्म कुठला, नोकरी कुठे, स्वभाव किती मनमिळाऊ. ते मंदारने सोसायटीच्या बोर्डावर लावलं आहे, फोटोसकट. मी हे लिहिते आहे ते आपल्या इरा आणि कबीरसाठी. दोघं टोरांटोहून येऊ शकली नाहीत, आणि आजोबा कसे गेले हे मला फोनवर सांगता येत नाही. पण वही उघडली आणि मुलांशी बोलवेना. भांडण तुमच्याशी आहे, तर बोलणंही तुमच्याशीच हवं. मुलांनी शेजारी बसून ऐकावं. इरा मराठी सावकाश वाचते, म्हणून साधं लिहिते आहे.

मुलांना सुरुवात माहीत आहे, तरी सांगते. दोन वर्षांपूर्वी तुमच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिली. म्हणाले, रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायूचा झटका येतो, तो टाळायचा तर ही गोळी रोज रात्री, एकही दिवस न चुकवता. मग त्यांचं लक्ष तुमच्या हनुवटीवरच्या कापसाच्या बोळ्याकडे गेलं. "काका, आता ब्लेड बंद. इलेक्ट्रिक शेव्हर घ्या. या गोळीवर कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही."

"जपून केली तर?" तुम्ही विचारलंत.

डॉक्टर नुसते हसले. मी म्हणाले, "वापरतील ते शेव्हर. मी बघते."

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर केवढी सभा भरली होती! इराने अभ्यासच केला होता. "आजोबा, दोन टाइप असतात. एक जाळीवाला, तो सरळ खाली-वर फिरवायचा. दुसऱ्याला तीन गोल चकत्या असतात, तो गोल गोल फिरवायचा."

"आणि तिसरा?"

"तिसरा कुठला?"

"माझा."

कबीर खो खो हसला. "आजोबा, तुमचा म्युझियममधला आहे!"

"ट्रिमर पण असतो," इरा म्हणाली. "पण त्याने थोडे खुंट राहतात. हिरो लोकांसारखे."

"खुंटच ठेवायचे तर दाढी केली कशाला?"

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात, टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस तुम्ही. कुठल्याही हत्याराची धार आधी अंगठ्याच्या नखावर पाहणारे. जाळीवाल्या शेव्हरचं चित्र तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत आणि म्हणालात, "म्हणजे पातं आत बसून राहणार, आणि केसाने आपल्या पायांनी चालत त्याच्याकडे जायचं. उलटाच कारभार!" आम्ही सगळे हसलो. मला वाटलं, हसलात म्हणजे मानलंत.

शेवटी जाळीवालाच ठरला, कारण म्हाताऱ्या, सैल कातडीला तो बरा असं इराने कुठेतरी वाचलं होतं. कॉलेज सांभाळून ती कॅफेत काम करते, त्या पैशांतून तिने तो मागवला आणि तो आपल्या डोंबिवलीच्या पत्त्यावर आला. पुढच्या रविवारी तुम्ही कॅमेऱ्यापुढे गालावरून हात फिरवून दाखवलात. "एकदम झकास! लोण्यासारखा चालतो." इराचा चेहरा कसा फुलला होता, आठवतं?

तुमचा रेझर, केस गळायला लागलेला ब्रश, साबणाची वाटी आणि तुरटीचा खडा मी धुऊन, पुसून एका डब्यात भरलं आणि माळ्यावर टाकायला तुमच्याकडे दिलं. फेकलं नाही. फेकायचा विचारही केला नव्हता.

"ठेवलंत का माळ्यावर?"

"ठेवलं गं."

त्यानंतर रोज सकाळी मी ओट्याशी चहाचं आधण ठेवायचे आणि बाथरूमच्या बंद दारामागून तो घुर्रर्र आवाज यायचा. मग दार उघडायचं, चपला वाजायच्या, "येतो गं" म्हणून तुम्ही फिरायला जायचात. परत आलात की नाश्त्याला समोरासमोर बसायचो. तुमच्या गालाला चंदनाच्या साबणाचा वास यायचा, आणि मी मनात म्हणायचे, चला, हा एक प्रश्न सुटला.

दर रविवारी तुम्ही तो शेव्हर हॉलमधल्या प्लगवर चार्जिंगला लावायचात. माझ्या डोळ्यांसमोर. वायर नीट गुंडाळून परत खोक्यात ठेवायचात. हे मला सगळ्यात जास्त लागतं. लपवणं मी समजू शकते. पण चार्ज करून लपवणं?

एक दिवसाआड तुमच्या गालावर पांढरे खुंट दिसायचे. मी म्हणायचे, "आज नीट लागला नाही वाटतं शेव्हर." तुम्ही म्हणायचात, "जाळी ती. ती एवढंच करणार." बिचाऱ्या यंत्राच्या नावावर खपवत होतात. मी तर इराला विचारून नवीन जाळी मागवायच्या विचारात होते.

झटका आला तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात. पेपर हातातून निसटला आणि तुम्ही तो उचलेनात. एवढंच मला आधी दिसलं. मग उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, "आजी, त्यांना सगळं ऐकू येतंय, कळतंय. तुम्ही बोलत राहा." मी बोलत राहिले. मंदारचं विमान कधी, दूधवाल्याला काय सांगितलं, कोण कोण चौकशी करून गेलं.

तिसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, "आजी, बाबांची दाढी फार वाढलीये. आमचा माणूस करतो, पण यांना ब्लेड नको. घरी शेव्हर असला तर आणा ना." मी लगबगीने घरी गेले आणि खोकं घेऊन आले. आपण किती शहाणपणाने आधीच सोय करून ठेवली होती, असं मला रिक्षात वाटत होतं.

तुमच्या खाटेशी बसून मी खोकं उघडलं. मला यंत्र चालवायची सवय नाही, म्हणून आधी माहितीचं पुस्तक घेतलं. घरात इंग्रजी कागद आला की तुम्ही तो माझ्याकडे सरकवायचात, "बघ गं, काय म्हणतोय." हे पुस्तक मात्र कधी सरकवलं नव्हतंत. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्यात लिहिलं होतं, वापरण्याआधी वरचं डोकं काढून आतले केस झटका. मी डोकं काढलं. आत लख्ख! केसाचा एक कण नाही, भुकटी नाही. खरं सांगू? मला आधी अभिमानच वाटला. म्हटलं, टूलरूमचा माणूस, हत्यार कसं स्वच्छ ठेवलंय. मग सोबतचा छोटा ब्रश शोधायला गेले. तो त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. पिशवी सीलबंद होती. तेलाची इवलीशी बाटली, तिचंही सील तसंच.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही आधीपासूनच माझ्याकडे पाहत होतात.

"खोटं बोललास," मी म्हणाले.

लग्नापासून तुम्हाला अहो-जाहोच केलं. माझ्या कॉन्व्हेंटच्या मैत्रिणी नवऱ्यांना नावाने हाका मारायच्या, तेव्हाही केलं. तो 'लास' माझ्या तोंडून कसा निघाला कळलं नाही. पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोने मान वळवून पाहिलं. तुमच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. पण आजारपणात ते तसंही येत होतं, त्यामुळे ते कशाचं होतं हे मी सांगू शकत नाही. मग तुमचा डावा हात चादरीवरून चाचपडत आला, माझं मनगट धरलंत आणि शेव्हरसकट ते तुमच्या गालाकडे ओढलंत. त्याचा अर्थ "कर" असा होता, की "जाऊ दे ना आता" असा? मी "कर" असा घेतला.

मी तुमची दाढी केली. वाकड्या झालेल्या बाजूची कातडी दोन बोटांनी ताणून, तुम्ही आरशापुढे ताणायचात तशी. वाईट झाली नव्हती हो. म्हणावंसं वाटलं, बघा हात फिरवून. म्हणाले नाही. मी रागात होते. मनात ठरवलं होतं, घरी आलात की बघते तुमच्याकडे. हॉस्पिटलात काय भांडायचं, लोकांदेखत? भांडण घरासाठी राखून ठेवलं.

तुम्ही घरी आलात ते ॲम्ब्युलन्समधून, तासाभरासाठी.

तोवर मला वाटत होतं की हा फक्त तुमचा हट्ट. म्हाताऱ्या माणसाचा, मुलखाचा हट्ट. त्याच्यावर मी रडले असते आणि हसलेही असते. इराला सांगितलं असतं, "तुझा आजोबा लबाड." पण मग साळवी भाऊजी आले.

मुलांनो, साळवी भाऊजी म्हणजे पलीकडच्या विंगमध्ये तळमजल्यावर राहतात ते आजोबांचे मित्र. वागळे इस्टेटच्या कंपनीत दोघं एकाच शिफ्टला होते. साळवी वहिनी गेल्यापासून ते एकटेच असतात. त्यांच्या हातात मी दिलेला डबा होता. रेझर, ब्रश, वाटी, तुरटी. "वहिनी, हे त्याचं माझ्याकडे होतं," ते म्हणाले आणि खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

म्हणजे तुम्ही फिरायला जात नव्हतात. आपल्या बाथरूममध्ये यंत्र नुसतं चालवून, ते खोक्यात ठेवून, साळवींच्या बेसिनवर जात होतात.

"बसा भाऊजी," मी म्हणाले. "आता सगळं सांगा."

"सगळं म्हणजे तसं काय नाही वहिनी. दाढी करायचा, चहा घ्यायचा, निघायचा. खुशीत असायचा. शिट्टी वाजवायचा."

"कधी कापलं नाही?"

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "एकदा. पहिल्याच महिन्यात, हनुवटीखाली. वहिनी, रक्त थांबेचना. आम्ही दोघं दाबून बसलेलो. तुरटी लावली, बर्फ लावला. माझा अख्खा नॅपकिन लाल झालेला. मी बोललो, अरे चल दवाखान्यात. तर बोलतो, नको, घरी कळेल."

मला तो दिवस आठवला. भर मे महिन्यात तुम्ही शर्टाचं गळ्याचं बटण लावून फिरत होतात. मी म्हणाले, "उकडत नाही का?" तुम्ही म्हणालात, "घसा बसलाय." मी तुम्हाला हळदीचं दूध दिलं होतं. तुम्ही ते प्यायलातही.

"मग?" मी विचारलं.

"मग एक दिवसाआड दाढी करायचं ठरवलं त्याने. आणि आदल्या रात्रीची गोळी..."

"गोळीचं काय?"

"घ्यायचा नाही."

"भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, एखादी चुकली तर काय होतंय. मी माझी बीपीची कितीदा विसरतो. वहिनी, आईशप्पथ, मला नव्हतं माहीत ती गोळी कसली आहे. त्याने कधी नीट सांगितलंच नाही."

रोज रात्री जेवण झालं की ती गोळी मी तुमच्या तळहातावर ठेवत होते. तुम्ही पाण्याचा पेला घेऊन गॅलरीत जायचात. "जरा वारा घेतो." मी आत ताटं उचलायचे. गॅलरीत माझा कढीपत्ता आहे, खाली रस्ता आहे. गोळी कुठे जायची ते मला माहीत नाही आणि मी शोधणारही नाही.

आता मी तुमच्याशी नीट बोलते. इतके दिवस मनात जुळवत होते.

तुम्हाला ब्लेडच हवं होतं, हे मी समजू शकते. ठाण्यातल्या कोपरीच्या आपल्या एका खोलीत खिडकीच्या खिळ्याला आरसा टांगलेला असायचा. उजेड एकाच बाजूने यायचा, म्हणून दुसऱ्या गालाच्या वेळी मी आरसा हातात धरून उभी राहायचे. पोळ्या तव्यावर असायच्या. तुम्ही फेसातून म्हणायचात, "हलू नको, नाक जाईल माझं." मी मुद्दाम हलायचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मंदार मोठा झाल्यावर तुम्ही त्याला त्याच रेझरने शिकवलंत. तो घाबरून मान आखडून उभा, आणि तुम्ही म्हणताय, "दाबू नको रे. रेझरचं वजन रेझरला उचलू दे. तू फक्त वाट दाखव." मी दारात उभी राहून ऐकत होते. तुम्हाला मुलाशी यापेक्षा प्रेमाने बोलताना मी कधी ऐकलं नाही. आणि लॉकडाऊनमध्ये अख्ख्या बिल्डिंगमधल्या पुरुषांनी दाढ्या वाढवल्या. साळवी तर ओळखू येत नव्हते. तुम्ही मात्र रोज सकाळी फेस करून तयार. मी म्हणाले, "आता कोण बघणार आहे तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "तू बघत नाहीस?" तसं काही तुम्ही फारसं बोलायचा नाहीत. म्हणून मी ते जपून ठेवलं आहे. ते अजूनही माझंच आहे. ते मी रागाच्या भरात टाकून देणार नाही.

तर ब्लेड, हा हट्ट. तो मी सोडला. यंत्र चालवून मला ऐकवलंत, हा खोटेपणा. तोही आज ना उद्या सोडला असता. पण गोळी? गोळी तुम्ही दाढीसाठी सोडली नाहीत. दाढी शेव्हरनेही झाली असती, मी स्वतः करून पाहिली. गोळी तुम्ही सोडलीत ती कापलेलं मला दिसू नये म्हणून. रक्त वाहिलं तर मला कळेल, म्हणून रक्तच घट्ट ठेवलंत. झटका आला तरी चालेल, पण हिला कळता कामा नये. इतकी मी परकी होते?

मी डॉक्टरांकडे जाऊन आले. एकटीच गेले, मंदारलाही नेलं नाही. त्यांना विचारलं, "एक दिवसाआड गोळी चुकल्यामुळे झालं का?" त्यांनी चष्मा काढला. "चुकवायला नको होती. पण त्यामुळेच झालं असं मी ठामपणे सांगू शकत नाही. गोळी नियमित घेणाऱ्यांनाही कधी कधी होतं." भला माणूस आहे. त्यांना वाटलं, यामुळे मला बरं वाटेल. पण माझ्यासाठी हे "हो" पेक्षा वाईट आहे. "हो" म्हणाले असते तर तुमच्यावर पोटभर रागावता आलं असतं. "नाही" म्हणाले असते तर माफ करता आलं असतं. आता मला कायम या दोन्हींच्या मध्ये उभं राहावं लागणार.

साळवी जाता जाता आणखी एक सांगून गेले. त्यांनी तुम्हाला एकदा विचारलं होतं, "अरे, सांगून टाक ना वहिनींना. चिडतील, ओरडतील, होईल शांत." तर तुम्ही म्हणालात, "ती चिडत नाही रे. ती व्यवस्था करते."

हसू आलं मला, अहो. सुतकातल्या घरात, मित्र समोर रडत असताना. कारण बरोबर ओळखलंत. तुम्ही ब्लेड सोडत नाही म्हणाला असतात, तर मी डॉक्टरांना फोन केला असता, इराला सांगितलं असतं, न्हावी घरी बोलावायची सोय पाहिली असती, आणि आठवडाभरात काहीतरी मार्ग काढून तुमच्यापुढे ठेवला असता. कंपनी बंद पडली तेव्हा तुम्ही महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपलात. तेव्हाही मी व्यवस्थाच केली होती. तेव्हा ती तुम्हाला चालली.

साळवींना बहुतेक सुचवायचं होतं की यात थोडी चूक माझीही आहे. मी ती घेणार नाही. तुमच्या तोंडाला मी कुलूप घातलं नव्हतं. "मला हे जमणार नाही" एवढे चार शब्द होते. त्याच्यावर मी काय केलं असतं? फार फार तर दोन दिवस बोलले नसते. आपण आयुष्यभर भांडलो. फॅन किती नंबरवर ठेवायचा, भाजीत गूळ घालायचा की नाही, मंदारला बाहेर पाठवायचं की नाही. मंदारच्या वेळी तर आठवडाभर घरात शब्द नव्हता. त्यातून आपण मेलो नाही. आणि या एका दाढीसाठी तुम्ही मला एवढीही लायकीची समजला नाहीत की माझ्याशी भांडावं.

मंदार म्हणाला, "आई, मुलांना हे नको सांगूस. इराने किती प्रेमाने घेतला होता. तिला काय वाटेल?" मी म्हणाले, "मला जे वाटलं तेच." आजोबा रोज तुझा शेव्हर वापरत होते, असं मी तिला आता सांगितलं, तर उद्या कुणीतरी खोकं उघडेल आणि तीही माझ्यासारखीच बसेल. इरा, तुझा शेव्हर चांगला होता. तू नीट पाहून, विचार करून निवडला होतास. तो एकदाच वापरला गेला, आणि तेव्हा त्याने आजोबांना कुठेही कापलं नाही. त्यांचं तुझ्यावर प्रेम होतं, म्हणून ते तुला खोटं सांगत राहिले. पण ते कारण चांगलं होतं म्हणून खोटं खरं होत नाही. हे दोन्ही लक्षात ठेव.

आजची सकाळ सांगते आणि थांबते.

दहाव्याच्या रात्री मंदारने माझ्यासमोर सगळं मांडलं. मी आता डोंबिवलीत एकटी राहायचं नाही. टोरांटोला त्यांच्या घरी खालची खोली माझी, देऊळ जवळ आहे, मराठी मंडळ आहे, डॉक्टर त्याच्या ओळखीचा आहे. व्हिसाचं त्याने सुरूही केलं. फार विचारपूर्वक केलं आहे पोराने. माझाच मुलगा. मी "बघू" म्हणाले, मग "बरं" म्हणाले. काल त्याच्यासमोर मोठी बॅग खाली काढून पुसली. दोन स्वेटर घालूनही ठेवले त्यात. तो खूश झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला.

आज सकाळी तो म्हणाला, "आई, तिकडच्या थंडीला हे स्वेटर पुरणार नाहीत. दुपारी ठाण्याला जाऊन तुझ्यासाठी जॅकेट घेऊ या?"

माझ्या तोंडात "हो" तयार होता. अगदी ओठांवर. आणि मी थांबले.

"मंदार, मी येणार नाही."

"आज बरं वाटत नाहीये का? उद्या जाऊ."

"टोरांटोला येणार नाही. भेटायला येईन, हवं तर महिनाभर राहीन. पण मला इथे राहायचं आहे. माझ्या घरी."

"मग दोन दिवस हो हो काय करत होतीस?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि आता वाईट नाही वाटत मला?" त्याचा आवाज चढला. "कमाल करतेस आई! मी तिकडे सगळ्यांना सांगून बसलोय. इराने खोली आवरायला घेतली. इथे रात्री-अपरात्री काही झालं तर कोण बघणार? साळवी काका?"

तो मिशीशिवाय आणि केसांशिवाय अगदी दहावीतल्यासारखा दिसत होता. तो आतल्या खोलीत गेला आणि दार आपटलं. मी ओट्याला धरून उभी राहिले. वाटलं, पटकन जावं आणि म्हणावं, बरं बाबा, येते. गेले नाही. वरण उकळत ठेवलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. डोळे लाल होते त्याचे. स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "चहा करतेस का?"

केला. तो प्यायला. मग कप बघत म्हणाला, "आलं कमी पडलंय."

एवढंच झालं, अहो. एक दार आपटलं आणि चहात आलं कमी पडलं.

आपल्यातही एवढंच झालं असतं.